घोडं कुठे पेंड खातं?

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर सारंगखेडा नावाचं गाव आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर भरतो घोड्यांचा बाजार. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. घेणारा माणूस दात बघून वय ठरवतो, पाय आणि खूर तपासतो, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते पाहतो, आणि मग घोडा चालवून दाखवायला सांगतो. रेवाल चालीचा घोडा असेल तर गर्दी जमलीच म्हणून समजा. एवढ्या सगळ्या चौकशीत एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही: "ह्याची हॉर्सपॉवर किती?"

आता गंमत बघा. ज्याची ताकद घोड्याच्या नावाने मोजतात त्या इंजिनाबद्दल आपण नेमका हा एकच प्रश्न विचारतो. रविवारी दुपारी फॉर्म्युला वन बघणाऱ्या कुठल्याही टोळक्यात बसा. एखादी गाडी सरळ पट्ट्यात दुसरीला सुसाट मागे टाकते आणि लगेच निकाल लागतो, "इंजिन भारी आहे बॉस!" मागे पडलेल्या गाडीबद्दल, "इंजिनात दमच नाही." वळणावर ड्रायव्हरचं कौशल्य, सरळ रस्त्यावर इंजिनाची ताकद, अशी सरळसोट वाटणी आपण करून टाकलेली असते.

ही वाटणी कितपत खरी? गणित थोडंसंच आहे, घाबरू नका. बाकी सगळा इतिहास आहे, आणि इतिहासात या प्रश्नाची चक्क प्रयोग केल्यासारखी उत्तरं सापडतात.

सुरुवात अर्थातच जेम्स वॅटपासून. अठराव्या शतकाच्या शेवटी वॅटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाईकं होती गिरण्या, खाणी चालवणारी मंडळी. त्यांच्याकडे चाकाला जुंपलेले घोडे होते. त्यांचा प्रश्न साधा होता, तुझं यंत्र घेतलं तर माझे किती घोडे वाचतील? वॅटने हिशोब मांडला की एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम करतो. म्हणजे आजच्या भाषेत ७४६ वॅट. थोडक्यात हॉर्सपॉवर हे एकक मुळात सेल्समनचं आहे. आणि ते काम किती होतं हे सांगतं, वेग किती मिळेल हे नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आपण विसरतो.

साधं उदाहरण. जातिवंत घोडा काही सेकंदांपुरती १५ हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद लावू शकतो. रेसकोर्सवरचा उत्तम घोडा मात्र ताशी ७० किलोमीटरच्या आसपास थांबतो. आपली १०० सीसीची बाइक सात-आठ हॉर्सपॉवरची, पण ती ८०-८५ सहज गाठते. अर्ध्या ताकदीत जास्त वेग! कारण घोड्याला प्रत्येक ढांगेला पाय उचलायचे, फेकायचे, थांबवायचे आणि परत फेकायचे असतात. चाकाला ही भानगड नाही. तेव्हा पहिला धडा: ताकद किती आहे याच्या इतकंच ती कशात खर्च होते हेही बघावं लागतं.

आता गाडीची ताकद कशात खर्च होते? इथे आमच्याच भागातली दोन ठिकाणं कामाला येतात.

पहिलं ठिकाण कोंडाईबारी घाट. धुळ्याहून सुरतेकडे जाताना साक्रीनंतर हा घाट लागतो. समजा २५ टनांचा भरलेला ट्रक ५ टक्के चढ ताशी २० च्या वेगाने चढतोय. फक्त वजन वर उचलायला त्याला साधारण ९० हॉर्सपॉवर लागतात. ४० ने चढायचं असेल तर १८० लागतील. दुप्पट ताकद, दुप्पट वेग. घाटात "इंजिनात दम आहे का" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तिथे भांडण गुरुत्वाकर्षणाशी असतं आणि हिशोब रोखीचा असतो.

दुसरं ठिकाण साक्री तालुक्यातलंच ब्राह्मणवेल. तिथल्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. पवनचक्कीचा नियम असा की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातून मिळू शकणारी ताकद दुप्पट नाही, चौपट नाही, आठपट होते. वेगाचा घन! (एका मर्यादेनंतर यंत्रच ती थोपवतं, पण नियम हाच.) म्हणून तर कंपन्या जरासा जास्त वारा मिळावा म्हणून डोंगरमाथे शोधत फिरतात.

आता हेच उलटं करा. पवनचक्की उभी असते आणि वारा अंगावर येतो. रेसिंग कारच्या बाबतीत वारा उभा असतो आणि गाडी त्याच्या अंगावर जाते. वाऱ्याचा जो घन पवनचक्कीच्या मालकाला पैसे देतो तोच गाडीवाल्याचा खिसा कापतो. हवेतून दुप्पट वेगाने जायचं तर आठपट ताकद लागते.

मारुती ८०० आठवते ना? ३७ हॉर्सपॉवर, आणि अगदी पिळून काढली तर वेग १३५-१४० च्या आसपास. २००९ ची फॉर्म्युला वन गाडी घ्या. २.४ लिटरचं व्ही८ इंजिन, साधारण ७५० हॉर्सपॉवर, म्हणजे मारुतीच्या वीसपट. वेग वीसपट? छे. सव्वातीनशेच्या आसपास, म्हणजे सव्वादोन ते अडीच पट. बाकीची सगळी ताकद हवेने खाल्ली. घोडं पेंड खातंय ते इथे.

याचाच दुसरा अर्थ असा की ३२० च्या वेगाला असताना इंजिनाची ताकद १० टक्के वाढवली, म्हणजे ७५ हॉर्सपॉवर नवे घातले, तर कमाल वेग वाढतो जेमतेम ३ टक्के. ३२० चे ३३०. आणि गाडीला होणारा हवेचा विरोध १० टक्के कमी केला तर? तोच फायदा, किंबहुना किंचित जास्तच. पण ७५ हॉर्सपॉवर जाहिरातीत छापता येतात, कमी झालेला विरोध डोळ्याला दिसत नाही.

गणित संपलं. आता इतिहास.

२९ एप्रिल १८९९. पॅरिसजवळ आशेर इथे कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने १०० ची वेस ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. गाडी विजेवर चालणारी होती (हो, १८९९ मध्ये!) आणि तिच्या मोटारींची ताकद होती सुमारे ६८ हॉर्सपॉवर. मारुतीच्या जवळजवळ दुप्पट आणि वेग मारुतीपेक्षा कमी. फोटो पाहिलात तर कारण तिथल्या तिथे कळतं. बॉडी टॉर्पेडोसारखी निमुळती केलीय, मोठी हौसेने, आणि त्या टॉर्पेडोवर जेनात्झीसाहेब कमरेपासून वर उघडे बसलेत, टांग्यात बसल्यासारखे! खालची चाकं, दांडे सगळं वाऱ्यात. अर्थात तेव्हाचे टायर, जड बॅटऱ्या यांचाही वाटा होता. पण हवा हा प्रतिस्पर्धी आहे हे कळायला सुरुवात झाली होती आणि पूर्ण कळलेलं नव्हतं, असा तो काळ.

पुढची तारीख २८ जानेवारी १९३८. जर्मनीत फ्रँकफर्ट ते डार्मस्टाट हा महामार्ग त्या सकाळी विक्रमासाठी मोकळा ठेवला होता. रुडॉल्फ काराचिओलाने मर्सिडीजची खास बनवलेली गाडी ताशी ४३२.७ किलोमीटरने पळवली. तिची ताकद? ७३६ हॉर्सपॉवर.

हा आकडा परत वाचा. २००९ च्या फॉर्म्युला वन गाडीएवढीच ताकद, ७१ वर्षं आधी, आणि वेग शंभर किलोमीटरने जास्त! त्या गाडीची चाकं झाकलेली होती, बॉडी माशासारखी गुळगुळीत होती, आणि रेडिएटरला हवा लागू नये म्हणून तो चक्क बर्फाच्या पेटीत ठेवला होता. हवेचा विरोध मोजणारा तिचा गुणांक ०.१६ च्या आत होता. आजच्या चांगल्या सेडानचा सुद्धा पाव ते तीन दशांशाच्या दरम्यान असतो, आणि उघड्या चाकांच्या, पंख लावलेल्या फॉर्म्युला वन गाडीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. "इंजिनामुळे वेग" म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसं व्हावं.

पण त्याच सकाळची दुसरी गोष्टही सांगायला हवी. काराचिओलाचा विक्रम मोडायला थोड्याच वेळात ऑटो युनियनचा बर्न्ड रोझमायर निघाला. वारा सुटला होता. तेवढ्याच प्रचंड वेगात असताना आडव्या वाऱ्याच्या झोताने गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली आणि रोझमायर जागीच गेला. वय वर्षं २८. इंजिनात काहीच कमी नव्हतं. हवा फक्त समोरून अडवत नाही, ती बाजूनेही ढकलते आणि उचलतेही, हे ज्ञान अशा किमतीला मिळालं आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर दोन इंग्रजांची जुगलबंदी चालू होती. एकीकडे जॉर्ज आयस्टनची थंडरबोल्ट: विमानांच्या शर्यतीतली दोन रोल्स-रॉईस इंजिनं, मिळून सुमारे ४,७०० हॉर्सपॉवर, वजन ७ टनांच्या आसपास. दुसरीकडे जॉन कॉबची रेल्टन स्पेशल: दोन जुनी नेपियर लायन इंजिनं, मिळून सुमारे २,५०० हॉर्सपॉवर, वजन ३ टनांच्या थोडं वर. रीड रेल्टन या डिझायनरने तिला कासवाच्या पाठीसारखं सलग कवच दिलं आणि रेडिएटरऐवजी इथेही बर्फाची टाकी ठेवली. नुसत्या हॉर्सपॉवरवर पैज लावली तर कॉबला भाव कोण देणार?

१५ सप्टेंबर १९३८ ला कॉबने ताशी ५६३ किलोमीटरचा विक्रम केला. दुसऱ्याच दिवशी आयस्टनने ५७५ केला. चला, ताकद जिंकली! पण २३ ऑगस्ट १९३९ ला कॉब परत आला आणि ५९५ करून गेला. युद्ध झालं, आठ वर्षं गेली, आणि १९४७ मध्ये त्याच गाडीत कॉबने ६३४ गाठला. जवळजवळ निम्म्या ताकदीची गाडी शेवटी वरचढ ठरली. दोन्ही गाड्यांचं रूप सारखं असतं तर घनाच्या नियमाने थंडरबोल्ट वीस-पंचवीस टक्क्यांनी पुढे असायला हवी होती. कमी वजन, कमी विरोध, आणि ठराविक लांबीच्या पट्ट्यात लवकर पकडलेला वेग, या तिघांनी मिळून २,२०० हॉर्सपॉवरचा फरक भरून काढला.

मग प्रश्न येतो, हे सगळं १९३८ मध्येच कळलं होतं तर आजच्या रेसिंग गाड्या माशासारख्या का नाहीत?

कारण शर्यतीत वळणं असतात. १९६८ मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर फेरारी आणि ब्रॅभम यांनी गाडीला मागे पंख लावले. विमानाचा पंख उलटा केला की तो उचलायच्या ऐवजी दाबतो. टायर जमिनीला घट्ट धरतात, वळण जोरात घेता येतं. ख्रिस ॲमनने त्या फेरारीत पोल मिळवली ती तब्बल साडेतीन सेकंदांहून जास्त फरकाने. पण पंख फुकट दाबत नाही, त्याच्या बदल्यात हवेचा विरोध वाढतो. तेव्हापासून प्रत्येक टीम दर शर्यतीला हाच सौदा करते: वळणात किती कमवायचं आणि सरळ पट्ट्यात किती गमवायचं. म्हणजे सरळ पट्ट्यातला वेग हे निव्वळ इंजिनाचं प्रगतिपुस्तक नाहीच. तो टीमने मुद्दाम निवडलेला आकडा असतो.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा आपल्याच नावाने धावणाऱ्या टीमने दिला. फोर्स इंडिया. २००७ च्या शेवटी विजय मल्ल्या आणि भागीदारांनी स्पायकर टीम घेतली आणि तिचं हे नाव ठेवलं. २००८ मध्ये इंजिन फेरारीचं, गुण शून्य. २००९ साठी मर्सिडीजचं इंजिन आणि मॅक्लारेनचा गिअरबॉक्स घेतला. नवं इंजिन आलं, आता बघा! बघितलं. पहिल्या ११ शर्यती, गुण शून्य.

बारावी शर्यत पुन्हा स्पा. २९ ऑगस्ट २००९ ला जियानकार्लो फिसिकेलाने तिथे पोल मारली. शून्य गुणांची टीम सगळ्यांच्या पुढे! दुसऱ्या दिवशी तो दुसरा आला, किमी राइकोनेनच्या फेरारीपेक्षा फक्त ०.९३९ सेकंदांनी मागे. आपल्याकडे आनंद झाला आणि लगेच नेहमीचा सूर निघाला: इंजिन मर्सिडीजचं, ड्रायव्हर इटालियन, कारखाना इंग्लंडात, ह्यात आपलं काय? शेवटचे दोन मुद्दे सोडून देऊ. पहिल्याचं उत्तर त्याच दिवसाच्या यादीत आहे.

त्या दिवशी मर्सिडीजचं तेच इंजिन तीन टीमकडे होतं. ब्रॉन, जी त्या वर्षीची विजेती ठरली. तिचा जेन्सन बटन १४ वा. मॅक्लारेन, जिच्याकडे केर्स नावाची जादा ८० हॉर्सपॉवरची बॅटरीसुद्धा होती. तिचा हॅमिल्टन १२ वा, कोवालाइनेन १५ वा. आणि केर्स नसलेली फोर्स इंडिया पहिली. यापेक्षा स्वच्छ प्रयोग कुठल्या लॅबमध्ये होणार? इंजिन तेच ठेवा, बाकी बदला, आणि निकाल बघा.

फोर्स इंडियाची ती गाडी मुळातच हवेत कमी अडकणारी होती, आणि स्पाच्या लांब पट्ट्यांना तेच हवं होतं. त्या दिवशी गाडीत पेट्रोल थोडं कमी होतं, टायरही छान चालले, हे खरंच. पण पुढची शर्यत मोंझा, सगळ्यात वेगवान सर्किट. तिथे एड्रियन सुटिल ग्रिडवर दुसरा, शर्यतीत चौथा, आणि शर्यतीतली सगळ्यात वेगवान फेरी त्याची. म्हणजे स्पा हा मटका नव्हता. त्यानंतर वळणावळणाचं सिंगापूर आलं आणि तीच गाडी, तेच इंजिन घेऊन टीम परत मागे. वर्षभरात कमावलेले १३ गुण म्हणजे स्पाचे ८ आणि मोंझाचे ५. बाकी कुठे एकही नाही.

आता इंजिनवाल्यांची बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. फिसिकेला स्पाची शर्यत हरला कशामुळे? ताकदीमुळेच! सेफ्टी कार बाजूला झाल्यावर वर चढत जाणाऱ्या केमेल पट्ट्यावर राइकोनेनने केर्सचं बटण दाबलं आणि पुढे निघून गेला. फिसिकेलाचं म्हणणं हेच होतं की वेग आमचा जास्त होता, किमी केर्समुळे पुढे गेला. वेग पकडताना आणि चढावर ताकद रोख मोजली जाते, कोंडाईबारीसारखी. ती घनाच्या भिंतीला जाऊन थडकते ते पट्ट्याच्या शेवटी. शिवाय पट्ट्याच्या शेवटचा वेग पट्ट्याच्या सुरुवातीवर अवलंबून असतो. आधीच्या वळणातून जो १० किलोमीटर जास्त वेगाने बाहेर पडला तो तो फायदा बराच वेळ घेऊन जातो. तेव्हा "सरळ पट्ट्यातला" वेगसुद्धा अर्धा वळणातच कमावलेला असतो.

आणि उलटंही होतं. २०११ मध्ये मोंझाला व्हेटेलची रेड बुल सरळ पट्ट्यात वेगवान गाड्यांत अजिबात नव्हती. तरीही पोल त्याची आणि शर्यतही त्याचीच. टीमने सौदा वळणांच्या बाजूने केला होता. त्याच वर्षी डीआरएस आलं (क्रिकेटवालं नव्हे!). मागच्या पंखाची एक पट्टी उघडायची, बस्स. इंजिनात एकही घोडा न वाढवता ताशी १०-१२ किलोमीटर जादा मिळायचे. २०२५ च्या हंगामापर्यंत लोकांनी हे दर रविवारी पाहिलं, आणि तरीही "इंजिन भारी" हे पालुपद चालूच राहिलं.

का चालू राहतं? मला वाटतं, कारण इंजिन दिसतं, ऐकू येतं, त्याला कंपनीचं नाव असतं आणि एकच आकडा असतो. विंड टनेलमध्ये सहा महिने पंखाचा कोन घासत बसलेल्या माणसाला यातलं काहीच नसतं. आमच्या धंद्यात याची रोज प्रचिती येते. ॲप्लिकेशन स्लो झालं की पहिली सूचना, "सर्व्हरची रॅम वाढवा." रॅम वाढते, बिल वाढतं, ॲप्लिकेशन होतं तसंच रेंगाळत राहतं, कारण खरी अडचण कुठल्यातरी भुक्कड क्वेरीत असते. जीन ॲमडाल याने १९६७ मध्येच हे मांडून ठेवलंय: जो भाग अडवतोय तो तसाच ठेवून बाकीचा कितीही वेगवान करा, एकूण फायदा मर्यादितच राहणार.

एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच. सरळ पट्ट्यातल्या वेगाचं श्रेय इंजिनाला द्यायला हरकत नाही, पण आधी तीन गोष्टी विचाराव्यात. समोर अडवतंय कोण, चढ की हवा? वळणातून गाडी किती वेगाने बाहेर पडली? आणि हा वेग मिळवण्यासाठी टीमने दुसरीकडे काय सोडलं? या तिन्हींची उत्तरं घेऊन जे उरेल ते खुशाल इंजिनाच्या खात्यावर टाका. स्पाच्या त्या शनिवारी हा हिशोब केला तर इंजिनाच्या खात्यावर फार काही उरत नाही. पोल कमावली ती हवेशी कमी भांडणाऱ्या गाडीने, आणि ती गाडी घडवणाऱ्यांची नावं आपल्यापैकी फारशी कोणाला आठवत नाहीत.